अंधाऱ्या नाट्यगृहासाठी कॅमेरा : आकडे कोरलेले डायल की नुसती चाके?

नाट्यछाया (कोथरूड)

नमस्कार. पुण्यातल्या प्रायोगिक नाटकांच्या रंगीत तालमींची आणि प्रयोगांची छायाचित्रे मी बरीच वर्षे काढत आलो आहे. भरत नाट्य मंदिर, सुदर्शन रंगमंच, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह ही माझी नेहमीची ठिकाणे. हातातला डीएसएलआर आता थकला आहे आणि पुढचा कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला; डोळा लावायच्या खिडकीत, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये, छोटी स्क्रीन असलेला) घ्यायचा हे नक्की झाले आहे. सेन्सर, लेन्स आणि किंमत यांबद्दल मला काही विचारायचे नाही, त्यावर भरपूर लिहिले जाते. शटर (प्रकाश किती वेळ आत येतो), अ‍ॅपर्चर (लेन्सचे तोंड किती उघडे) आणि आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद किती तीव्र) बदलण्याची सोय कशी असावी आणि बदललेले आकडे कुठे दिसावेत, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि त्यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

रंगमंचावर मागचे पडदे बहुधा काळे असतात. त्यामुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि चेहरे पांढरेफटक येतात, म्हणून मी मॅन्युअलवरच, म्हणजे सगळे आकडे हाताने ठरवून, काम करतो. निळ्या प्रकाशातला प्रवेश संपून पुढच्याच क्षणी नटाच्या चेहऱ्यावर पांढरा झोत पडला, की तीन-चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरक दोन सेकंदांच्या आत भरून काढावा लागतो. अशा वेळी मागची स्क्रीन पेटवणे म्हणजे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत उजेड मारणे. ते मला मान्य नाही. वरच्या छोट्या पटलाचा दिवाही जवळपास तेवढाच टोचतो. त्यातच आता चाळिशी लागली आहे, त्यामुळे जवळचे बारीक आकडे चष्म्याशिवाय लागत नाहीत.

बाजारात दोन घराणी दिसतात. एक फुजीफिल्म एक्स-टी५ किंवा निकॉन झेडएफ यांचे, जिथे शटर आणि आयएसओ यांचे वेगळे डायल आहेत आणि त्यांवर आकडे कोरलेले आहेत. दुसरे कॅनन आर६ मार्क-२, निकॉन झेड६-३, सोनी ए७-४ यांचे, जिथे बोटाखाली बिनआकड्यांची चाके आहेत आणि कोणते चाक काय बदलणार हे आपण ठरवायचे असते. अंधारात, डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना, यांपैकी कोणती पद्धत अधिक भरवशाची ठरते? ज्यांनी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना रोल (सदाशिव पेठ)

मी आकडे कोरलेल्या डायलच्या बाजूचा आहे, आणि ते केवळ जुन्याची ओढ म्हणून नाही. १९८० च्या दशकापर्यंत कॅमेऱ्यावरचे प्रत्येक नियंत्रण स्वतःच स्वतःचे पटल होते. शटरचा डायल १२५ वर आहे याचा अर्थ शटर १२५ वर आहे, त्यासाठी बॅटरी लागत नसे. १९८५ मध्ये मिनोल्टाच्या ७००० ने डायल काढून त्यांच्या जागी वर-खाली करण्याची बटणे आणि एलसीडीवरचे आकडे आणले. बटण दाबत दाबत १/६० वरून १/५०० पर्यंत जाणे हे किती कंटाळवाणे काम होते, हे ज्यांनी केले त्यांनाच कळेल. पुढच्याच वर्षी कॅननच्या टी९० ने शटरच्या बटणामागे तर्जनीखाली एक आडवे चाक बसवले आणि १९८९ च्या ईओएस-१ ने पाठीवर अंगठ्यासाठी दुसरे मोठे चाक दिले. आजचे दुसरे घराणे तिथूनच सुरू होते. चाक हा बटणांवरचा उत्तम उपाय होता हे मी मान्य करतो, पण त्या अदलाबदलीत नियंत्रण आणि त्याचा आकडा यांची जी ताटातूट झाली ती आजतागायत भरून निघालेली नाही.

आपल्या कामात याचा उपयोग असा, की तिसऱ्या घंटेच्या आधी, नाट्यगृहातले दिवे चालू असताना आणि कॅमेरा बंद असतानाही, पहिल्या प्रवेशाची सगळी मांडणी करून ठेवता येते. शटर १/१२५, आयएसओ ३२००, अ‍ॅपर्चर एफ २.८; वरून एक नजर टाकली की खात्री पटते. पडदा वर गेल्यावर शटरच्या डायलची प्रत्येक टिचकी म्हणजे पूर्ण एक स्टॉप, त्यामुळे तीन स्टॉप बदलायचे तर तीन टिचक्या मोजायच्या. चाकांवर मूळच्या मांडणीत एका स्टॉपसाठी तीन टिचक्या लागतात, म्हणजे तेवढ्याच फरकासाठी नऊ मोजाव्या लागतात. घाईच्या वेळी तीन आणि नऊ यांतला फरक फार मोठा असतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फुजीच्या एक्सएफ १८-५५ लेन्सचे अ‍ॅपर्चर झूमप्रमाणे बदलते, त्यामुळे तिच्या कड्यावर आकडे नाहीत. निकॉनच्या झेड लेन्सना अ‍ॅपर्चरचे आकडे कोरलेले कडेच नसते, म्हणून झेडएफच्या माथ्यावर फक्त अ‍ॅपर्चर दाखवणारी एक इवलीशी खिडकी द्यावी लागली आहे. शिवाय १/१२५ आणि १/२५० यांच्या मधली गती हवी असेल तर एक्स-टी५ वर डायलसोबत एक चाकही फिरवावे लागते, आणि झेडएफवर डायल ‘१/३ स्टेप’ या खुणेवर नेऊन चाकाने गती ठरवावी लागते. त्या क्षणी डायलवरचा आकडा खरी गती सांगेनासा होतो. माझ्या मते रंगमंचासाठी पूर्ण स्टॉपच्या मधल्या गती लागतच नाहीत, तेव्हा ही उणीव आपल्याला फारशी बाधणार नाही.

पॅनेलकार (भोसरी)

यंत्रांच्या नियंत्रण-पटलांची आखणी हा माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा वाटला. ‘जुना रोल’ यांचे बरेचसे म्हणणे पटते, तरी एक मोठा मुद्दा त्यांच्या मांडणीतून निसटला आहे. कोरलेला आकडा वाचायला प्रकाश लागतो आणि त्याकडे बघायला डोळा मोकळा लागतो, आणि प्रश्नकर्त्यांकडे प्रयोग चालू असताना या दोन्ही गोष्टी नसतात. तेव्हा कोरीव आकड्यांचा फायदा तिसऱ्या घंटेपर्यंतच आहे. त्यानंतर दोन्ही घराण्यांचे कॅमेरे एकाच जागी येऊन उभे राहतात: आकडा व्ह्यूफाइंडरमध्ये वाचायचा आणि नियंत्रण बोटाने ओळखायचे.

बोटाने ओळखण्याच्या बाबतीत बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे नियंत्रणाला शेवट आहे की नाही. लेन्सवरचे आकडे कोरलेले अ‍ॅपर्चरचे कडे पूर्ण उघड्या टोकाला जाऊन ठाम अडते. डोळे मिटूनही आपण तिथपर्यंत जाऊ शकतो आणि तिथून उलट मोजत हव्या त्या आकड्यावर येऊ शकतो, कारण सुरुवातीची जागा हाताला पक्की कळलेली असते. कॅमेऱ्यावरचे चाक मात्र अखंड फिरत राहते. आकडा टोकाला पोहोचला की पुढे बदलत नाही हे खरे, पण ते बोटाला कळत नाही, डोळ्यालाच कळते. म्हणजे चाक आपल्याला ‘किती बदलले’ एवढेच सांगते, ‘कुठे आहोत’ हे सांगत नाही. आमच्या क्षेत्रात या दोन प्रकारच्या नियंत्रणांना एकमेकांच्या जागी कधीही वापरत नाहीत. धोक्याच्या ठिकाणी ठाम शेवट असलेलाच नॉब लावतात, आणि सूक्ष्म जुळणीसाठी अखंड फिरणारे चाक देतात. कॅमेऱ्यात चाक दोन्ही कामे करते, म्हणून त्याच्या जोडीला आकडे दाखवणारे पटल निर्दोष असणे अत्यावश्यक होऊन बसते.

आणि ते पटल पुष्कळदा निर्दोष नसते. कॅननच्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एक चतुर्थांश सेकंद हा नुसता ‘४’ असा दिसतो आणि चार सेकंद ‘४″’ असे दिसतात. फरक सोळा पटींचा, आणि तो सांगायला दोन बारीक रेघा. पुढे ०.३ सेकंद लिहिताना त्याच रेघा दशांश चिन्हाच्या जागी येतात आणि ‘०″३’ असे दिसते. जागा वाचवण्यासाठी अपूर्णांकातला अंश गाळण्याची ही रीत फिल्मच्या काळातल्या शटर डायलवरून आली. तिथे ती खपून जात असे, कारण डायलवर सगळे आकडे ओळीने शेजारी असत आणि शेजारच्या आकड्यांवरून अर्थ लागे. एकटा आकडा दाखवताना तो शेजार नाहीसा होतो. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये हवे ते लिहायला भरपूर जागा आहे, त्यामुळे अनेक कॅमेऱ्यांत आता ‘१/४’ असे स्पष्ट लिहिलेले दिसते. खरेदीपूर्वी हे अवश्य तपासावे. तुमच्या कामात इतक्या संथ गती लागणार नाहीत, तरी ज्या पटलाने इथे काळजी घेतली आहे त्याने इतरत्रही घेतलेली असते, असे मला आढळते.

एक्स्पोजरच्या, म्हणजे प्रकाश कमी की जास्त हे दाखवणाऱ्या, मोजपट्टीचीही दिशा बघावी. निकॉनच्या अनेक जुन्या डीएसएलआरमध्ये अधिक चिन्ह डावीकडे आणि उणे उजवीकडे असे, कॅननमध्ये त्याच्या उलट. निकॉनमध्ये मेनूतून ही पट्टी फिरवता येते आणि चाकांच्या दिशाही बदलता येतात. प्रश्नकर्त्यांचा हात गेली कित्येक वर्षे एका दिशेला वळलेला आहे, तो नव्या दिशेला वळवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा कॅमेराच हाताप्रमाणे जुळवून घ्यावा.

भिगवणवारी (हडपसर)

मी उजनीच्या पाणफुगवट्यावर पक्ष्यांची छायाचित्रे काढतो, त्यामुळे माझा अंधाराशी संबंध कमी. तरीही एक मुद्दा मांडतो. दुसऱ्या घराण्यातल्या कॅमेऱ्यांवर सी१, सी२ किंवा यू१, यू२ अशा जागा असतात आणि त्यांत शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकसची पद्धत असे सगळे एकत्र साठवता येते. बसलेल्या पक्ष्यासाठी एक आणि उडत्या पक्ष्यासाठी दुसरी अशी माझी मांडणी असते. आपल्याला निळ्या प्रवेशासाठी एक आणि पांढऱ्या झोतासाठी दुसरी अशी ठेवता येईल, आणि तीन-चार स्टॉपची उडी एकाच हालचालीत होईल.

आकडे कोरलेल्या डायलवर हे होऊ शकत नाही, आणि त्याला कोणाचा इलाज नाही. डायल प्रत्यक्षात १२५ वर उभा असताना साठवणीतून ५०० ही गती आली, तर डायल खोटा ठरेल. म्हणूनच फुजीच्या एक्स-टी मालिकेतल्या कस्टम साठवणीत रंगछटा वगैरे बसतात, पण डायलवरची शटरगती बसत नाही. एक सावधगिरी मात्र घ्यावी: अशा जागेत असताना हाताने केलेले बदल, कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केल्यावर, बहुतेक ठिकाणी मूळ साठवणीवर परत जातात. मध्यंतरानंतर याचे भान ठेवायला हवे.

स्वरचित्र (सहकारनगर)

नाट्यछाया, तुम्ही चाळिशीचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. मी संगीताच्या मैफलींची छायाचित्रे काढते आणि चाळिशी मलाही आहे. कॅमेऱ्याच्या माथ्यावरचे कोरीव आकडे आपल्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर असतात, म्हणजे नेमके त्या अंतरावर जिथे चाळिशी लागते. चष्मा लावला तर ते आकडे दिसतात, पण रंगमंच धूसर होतो. शिवाय चष्म्यामुळे डोळा व्ह्यूफाइंडरपासून दूर राहतो आणि कडेचे आकडे कापले जातात, कारण बहुतेक कॅमेरे हे आकडे चित्राच्या अगदी खालच्या काठाला मांडतात.

व्ह्यूफाइंडरच्या शेजारी डायॉप्टरचे, म्हणजे तो आपल्या नजरेच्या नंबराशी जुळवण्याचे, एक लहान चाक असते. लांबचा नंबर नसेल तर चष्मा काढून, चित्राकडे न बघता खालच्या आकड्यांकडे बघत ते फिरवावे आणि आकडे कातीव दिसू लागले की थांबावे. त्यानंतर रंगमंच नुसत्या डोळ्यांनी, आकडे व्ह्यूफाइंडरमध्ये, आणि चष्मा खिशात. मेनूदेखील व्ह्यूफाइंडरमध्येच उघडता येतो, त्यामुळे मागच्या स्क्रीनची गरजच उरत नाही. मिररलेसने आपल्या वयाच्या लोकांवर केलेला हा खरा उपकार आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. चष्मा काढता येत नसेल तर काही कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरमधले चित्र थोडे लहान करून दाखवण्याची सोय असते. ती वापरली की कडेचे आकडे पुन्हा नजरेत येतात.

मागची स्क्रीन पेटते त्याचे मुख्य कारण डोळा ओळखणारा सेन्सर. कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला, की त्याला वाटते आपल्याला आता स्क्रीन पाहायची आहे आणि तो तिला लगेच जागी करतो. यासाठी मेनूत ‘फक्त व्ह्यूफाइंडर’ हा पर्याय निवडावा, छायाचित्र काढल्यावर ते आपोआप दाखवण्याची सोय बंद करावी, आणि फोकसला मदत करणारा दिवा तर आधी बंद करावा, कारण तो थेट कलाकारांच्या चेहऱ्यावर पडतो.

व्ह्यूफाइंडरची प्रखरतादेखील ‘ऑटो’वर ठेवू नये, हाताने कमी करून एका जागी पक्की करावी. मॅन्युअलमध्ये मिररलेसचा व्ह्यूफाइंडर येणारे चित्र आधीच दाखवतो: आयएसओ वाढवला की चेहरा उजळतो, शटरची गती वाढवली की गडद होतो. माझ्या दृष्टीने आकड्यांपेक्षा हेच अधिक उपयोगाचे पटल आहे, मात्र त्याची प्रखरता स्वतःहून बदलत राहिली तर त्यावर विश्वास ठेवता येत नाही. पूर्ण काळोखात या पटलाचा उपयोग नसतो, तेव्हा आकडेच बघावे लागतात. पण काळोखात छायाचित्रही काढायचे नसते.

नाट्यछाया (कोथरूड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डायॉप्टरची युक्ती माझ्या जुन्या कॅमेऱ्यावरच करून पाहिली आणि खालचे आकडे चष्म्याशिवाय स्वच्छ दिसले. ‘स्वरचित्र’ यांनी दाखवून दिलेली ही गोष्ट माझ्या निर्णयात निर्णायक ठरेल असे वाटते.

आता दोन शंका उरतात. पहिली आयएसओची. माझ्या कामात सर्वाधिक बदलतो तो आयएसओच, कारण अ‍ॅपर्चर बहुधा पूर्ण उघडे असते आणि नट हलत असताना शटर १/१२५ च्या खाली नेता येत नाही. मग हे नियंत्रण कुठे असावे? दुसरी शंका कुलपाची. दोन नाटकांच्या मधल्या वेळेत कॅमेरा पिशवीत जातो-येतो, आणि तेवढ्यात एखादा डायल सरकू नये अशी माझी इच्छा आहे.

जुना रोल (सदाशिव पेठ)

आयएसओ सर्वाधिक बदलत असेल तर माझ्या आवडत्या घराण्याची बाजू लंगडी पडते हे प्रामाणिकपणे सांगतो. एक्स-टी५ आणि झेडएफ या दोन्हींवर आयएसओचा डायल माथ्याच्या डाव्या बाजूला आहे, आणि डावा हात तर लेन्सखाली आधार देत असतो. फिल्मच्या काळात रोल बदलल्याशिवाय आयएसओ बदलतच नसे, त्यामुळे तो डायल हाताच्या वाटेबाहेर असणे योग्यच होते. डिजिटलमध्ये तो शटर-अ‍ॅपर्चरच्या पंक्तीला येऊन बसला, जागा मात्र अनेक ठिकाणी जुनीच राहिली. निकॉनलाही हे उशिरा उमगले. २०१६ च्या डी५ आणि डी५०० वर त्यांनी आयएसओचे बटण डावीकडून उचलून शटरच्या बटणाजवळ आणले. तरीही ज्याला आयएसओ एका जागी ठेवून शटर आणि अ‍ॅपर्चर बदलायचे आहे, त्याच्यासाठी माझे मत तेच राहील.

पॅनेलकार (भोसरी)

तुमच्या गरजेप्रमाणे तीन नियंत्रणांना तीन स्वतंत्र चाके असलेला कॅमेरा योग्य ठरेल, म्हणजे आयएसओसाठी आधी बटण दाबा आणि मग चाक फिरवा ही दुहेरी हालचाल टळेल. कॅनन आर६ मार्क-२ वर एक चाक तर्जनीखाली, एक माथ्यावर अंगठ्याजवळ आणि एक पाठीवर आहे. सोनीच्या ए७-४ वर माथ्यावरचा जो डायल आधीच्या ए७-३ वर एक्स्पोजर भरपाईचे आकडे कोरलेला होता, त्याच्यावरचे आकडे काढून टाकले आहेत, आणि त्याला आयएसओचे काम देता येते. डायलला कोणतेही काम देता यावे म्हणून त्याची ओळख पुसायची, हा व्यवहार मला तत्त्वतः आवडत नाही, पण तुमच्या बाबतीत तो फायद्याचा आहे.

सगळ्यात वापरलेले नियंत्रण सगळ्यात बळकट बोटाखाली यावे, म्हणून आयएसओ अंगठ्याच्या चाकाला द्यावा आणि शटर तर्जनीला. आयएसओच्या वाढीचा टप्पा मेनूतून पूर्ण स्टॉपचा करता येत असेल तर तसा करून घ्यावा. मग ‘जुना रोल’ यांनी सांगितलेला तीन स्टॉपला तीन टिचक्यांचा फायदा चाकावरही मिळतो. अ‍ॅपर्चर तुम्ही उघडेच ठेवता, तेव्हा ते पाठीवरच्या चाकाला जाऊ द्या.

कुलपांचे तीन प्रकार पाहायला मिळतात. फुजीच्या एक्स-टी१ च्या आयएसओ डायलसारखे, मधले बटण दाबून धरल्याशिवाय फिरू न देणारे कुलूप पिशवीत उत्तम आणि प्रयोगात त्रासाचे, कारण त्याला एका वेळी दोन बोटे गुंतवावी लागतात. एक्स-टी२ पासून फुजीने एकदा दाबले की लागणारे आणि पुन्हा दाबले की सुटणारे कुलूप दिले, आणि ते माझ्या मते सर्वांत समंजस आहे. तिसरा प्रकार म्हणजे चाकांना कामापुरते निष्क्रिय करणारी कळ किंवा मेनूतली सोय, जशी कॅननमध्ये असते. बिनआकड्यांच्या चाकांना पिशवीतल्या धक्क्याची भीती तशी कमीच, कारण कॅमेरा बंद असताना चाक फिरले तरी आकडा बदलत नाही. कोरीव डायल मात्र बंद असतानाही सरकतो आणि कॅमेरा सुरू होताच नवा आकडा लागू होतो.

दुकानात गेल्यावर कॅमेरा डोळ्याला लावून, दुसरा डोळा मिटून, विक्रेत्याला दिलेले आकडे मोठ्याने वाचायला सांगावे: आयएसओ ६४००, शटर १/२५०, पुन्हा आयएसओ १६००. कॅमेरा डोळ्यापासून न काढता तिन्ही बदल जमले आणि बोट एकदाही चुकीच्या बटणावर गेले नाही, तर तो कॅमेरा तुमच्या कामाचा आहे. हीच परीक्षा स्वतःची लेन्स लावून घ्यावी, कारण जड लेन्समुळे डाव्या हाताची पकड बदलते आणि उजव्या अंगठ्याची पोहोचही.